तीन पोरं, एक सुई आणि शेजारचा पन्नास रुपयेवाला

पत्र

ताई, मी अमरावती जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी टॅटूचं छोटं दुकान चालवतो. आधी पाट्या रंगवायचो, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून द्यायचो. मग नागपुरात एका स्टुडिओत राहून हे काम शिकलो. आठवडी बाजारात अन् यात्रेतही पाल टाकतो. माझी आजी गोंदायची, तिचं नाव अजून चार गावांत निघते. बाजारात माझ्या बाजूलेच एक जण बसते. दिवसभर एकच सुई. मधातमधात लायटरवर धरते, नाही तर डेटॉलच्या पाण्यात बुडवते. पन्नास रुपयांत नाव. मी दर गिऱ्हाइकाला नवी सुई काढतो, मला दीडशेच्या खाली परवडत नाही. लोक त्याच्याकडेच जातात. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, याले कोणतं लायसन लागते बाप्पा, जागेची पावती फाड अन् बस.

एक गोष्ट अजून कोणाला सांगितली नाही. यंदा तान्ह्या पोळ्याला गर्दी झाली, सुया संपत आल्या, एकच उरली. त्या एका सुईनं मी तीन पोट्ट्यांना नावं काढून दिली. तिघंही आमच्याच गावचे, भरतीची तयारी करणारे. तेव्हापासून मनात धाकधूक आहे. आता बहिरमच्या यात्रेत पाल लावायचं आहे. बायको म्हणते, कान-नाक टोचायची गनही घेऊन टाका, बायामाणसं येतील. शेजाऱ्यासारखं करू, की धंदाच बंद करू? तुमच्या पोराच्या वयाचा आहे, अरे-तुरे म्हटलं तरी चालते.

उत्तर

भाऊ, पत्राच्या सुरुवातीला शेजारी आहे आणि तीन पोरं मधात घुसवली आहेत. मी पोरांपासूनच सुरू करते. शेजाऱ्याचं काय करायचं ते पुढच्या बाजारापर्यंत थांबू शकतं. पोरांचं थांबू शकत नाही.

तिघांनाही सांगायचं. एकेकाला गाठून, समोर बसून. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. शब्द सापडत नसतील तर हे घे: "त्या दिवशी सुया संपल्या होत्या. तुम्हा तिघांना मी एकाच सुईनं काढलं. बहुतेक काही होणार नाही, पण तपासणी करून घे. मी सोबत येतो, जाण्यायेण्याचं मी पाहतो." एवढंच. तो चिडेल, शिवी देईल, पैसे परत मागेल. पैसे देऊन टाक.

आता हिशेब बघ. पहिल्याला नवी सुई लागली. धोका दुसऱ्याला आणि तिसऱ्याला. तरी पहिल्याला वगळू नकोस, कारण त्याचीच तपासणी सगळ्यात कामाची. त्याच्या रक्तात काही नसेल तर सुईवरून दुसऱ्याकडे जायला काही नव्हतंच. ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी नावाची खोली असते, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते. कावीळ ब आणि क (हेपेटायटिस बी आणि सी) यांची तपासणी आणि उपचारही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे. तान्ह्या पोळ्याला तीन महिने उलटून गेले, त्यामुळे एचआयव्ही आणि कावीळ ब यांचं उत्तर आताच्या तपासणीतच मिळेल. कावीळ क कधी कधी उशिरा दिसते. ती तपासणी सहा महिने झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, आणखी एकदा करायची. कोणी विचारलं की रिपोर्ट गावात फुटेल का, तर सांग: २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आधी फोनवर शंका विचारायच्या असतील तर १०९७ हा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि टॅटू काढल्यापासून वर्षभर त्यांनी रक्तदान करू नये. हे तर तू दर गिऱ्हाइकाला सांगायला हवंस, सुई नवी असली तरी.

गावाकडे सुई म्हटली की लोकांना फक्त एड्स आठवतो. मला कावीळ ब ची जास्त काळजी आहे. दवाखान्यात बाधित रुग्णाची सुई चुकून कर्मचाऱ्याला टोचली तर काय होतं, याचे जुने अभ्यास आहेत. एचआयव्ही हजारात साधारण तिघांना लागतो, कावीळ क शंभरात दोघांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्यांत कावीळ ब शंभरात तिसापर्यंत. टॅटूची सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, म्हणून हे आकडे तुझ्या पोरांना जसेच्या तसे लावू नकोस. पण क्रम हाच धर. कावीळ ब चा विषाणू सुकलेल्या रक्तात, टेबलावर, मशीनच्या वायरवर सात दिवस तग धरतो. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत.

या रोगाला लस आहे. तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. लहान बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ च्या सुमारास आली, त्यामुळे आज विशीत असलेल्या पोरांना लहानपणी मिळालीच असेल असं नाही. तुलाही नसेल. सगळ्यांत आधी तू घे. दिवसभर लोकांच्या रक्तात हात तुझा असतो. सुई तुलाच टोचली तर जखम साबणपाण्यानं धू, दाबून रक्त काढत बसू नकोस, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

आजीचं म्हणशील. म्हणशीलच, कारण हे मला दर गावात ऐकवलं जायचं: आमच्या आजीनं हजार हात गोंदले, कोणाला काही झालं नाही. माझी अर्धी नोकरी आरोग्य उपकेंद्रात गेली, या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे. झालं नाही, की कळलं नाही? कावीळ ब आणि क अंगात शिरल्या तरी अनेकांचे डोळेसुद्धा पिवळे होत नाहीत. यकृत वीस-तीस वर्षांनी खराब होतं, पोटात पाणी भरतं, आणि तोवर गोंदणाशी त्याचा संबंध जोडायला कोणी उरलेलं नसतं. आजीला दोष देत नाही मी. तिच्या काळी पाकिटातली सुई कुठे होती? आणि ती दारी बसून दिवसाला दोनचार बायांना गोंदायची. मशीनवाला यात्रेत एका दिवसात आख्खी रांग संपवतो. मेळघाटातल्या कोरकू बाया, गडचिरोलीकडच्या माडिया-गोंड म्हाताऱ्या, तांड्यावरच्या बंजारा बाया, या सगळ्यांच्या अंगावरचं गोंदण मोलाचं आहे. आजीचे नमुने जरूर काढ. फक्त सुई आजची वापर.

आता शेजाऱ्याचा लायटर. टॅटूची सुई म्हणजे एक टोक नसतं, कित्येक बारीक टोकं एकत्र झाळलेली असतात. फणीच्या दातांत मळ बसतो तसं मधल्या फटीत रक्त बसतं. लायटरची ज्योत वरवर फिरते आणि काजळी ठेवून जाते. डेटॉलच्या पाण्यात चार सेकंद बुडवून काही मरत नाही, उलट दुपारपर्यंत ते पाणीच सगळ्या गावाचं होतं. उकळलं तरी सगळे जंतू मरत नाहीत. खरं निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये होतं: पंधरा पौंड दाब, १२१ अंश, पंधरा-वीस मिनिटं. तुला ते यंत्र घ्यायची गरज नाही. सुई, ट्यूब, कार्ट्रिज सगळं एकदाच वापरायचं, बंद पाकिटातलं मिळतं. पाकिटावरची मुदत बघ, फाटलेलं किंवा ओल लागलेलं घेऊ नकोस.

पण नवी सुई काढतोस म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तुझ्या पत्रात शाईबद्दल एक शब्द नाही, आणि मला तिथेच शंका आहे. शाईची टोपी, म्हणजे शाई ओतायची ती इवलीशी वाटी, गिऱ्हाइकागणिक बदलतोस का? उरलेली शाई बाटलीत परत ओततोस का? महाग असते म्हणून ओतणारे असतात. पहिल्याच्या अंगात शिरलेली सुई टोपीत बुडाली की ती शाई त्याच्या रक्ताची झाली. दुसऱ्यासाठी सुई नवी घेऊन उपयोग नाही. आणि शेडिंगसाठी शाई पातळ करायला पाणी कुठलं घेतोस? बोअरचं? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात २०११-१२ मध्ये एकाच कलाकाराकडून टॅटू काढून घेतलेल्या डझनाहून जास्त लोकांच्या कातडीवर चिवट पुरळ उठलं. सुया नव्या होत्या, हातमोजे होते. दोष निघाला तो कारखान्यातच पातळ करून आलेल्या करड्या शाईत. क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला, पाण्यात राहणारा एक जंतू तिच्यात होता. तिथे विकत आणलेल्या शाईनं दगा दिला, आपण तर माठातलं पाणी घालतो. पातळ करायचीच तर निर्जंतुक पाण्याची सीलबंद कुपी मेडिकलमध्ये मिळते, ती फोड आणि त्याच दिवशी संपव. मशीन आणि वायर दर गिऱ्हाइकाला नव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळ. हातमोजे घातलेल्या हातानं फोन उचलू नकोस. हे मी पैजेवर सांगते, तू उचलतोस.

लायसन्सचं. ग्रामपंचायतीतला माणूस खोटं बोलला नाही. टॅटू काढणाऱ्याला खास परवाना देणारा, त्याची सुई-शाई तपासणारा वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. तालुक्याच्या दुकानासाठी तू गुमास्ता काढला असशील. २०१७ च्या दुकाने कायद्यात कामगार थोडे असले तर ती नुसती ऑनलाइन सूचना असते. तो कागद भिंतीवर लावून 'सरकारमान्य टॅटू स्टुडिओ' लिहिणारे मी पाहिले आहेत. तुझी सुई बघायला कोणी आलेलं नसतं. इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्याखाली टॅटूवाल्याची आणि त्याच्या जागेची स्थानिक परिषदेत नोंद होते, स्वच्छतेचे उपविधी असतात, आणि अठराच्या आतल्यांना टॅटू काढायला तिथे १९६९ पासून बंदी आहे. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून शाईत कोणती रसायनं किती चालतील हेही ठरवून दिलं. आपल्याकडे हे होईल तेव्हा होईल.

म्हणून रान मोकळं आहे असंही नाही. जिवाला घातक रोग पसरेल असं निष्काळजी कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगातही तुला ओढता येतं. हे शेजाऱ्याला लागू आहे तसं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुलाही लागू होतं. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. पोरांना सांगितलं तर मी अडकेन, हा विचार तुझ्या डोक्यात येऊन गेला असेल आणि तो अगदीच खोटा नाही, म्हणून लिहिते. तरीही सांग. न सांगता एखाद्याला कावीळ निघाली, तर वेळेत उपचार मिळाला नाही हे ओझंही तुझ्याच डोक्यावर येईल.

शेजाऱ्याशी पन्नास रुपयांत लढू नकोस, हरशील. तुझी सुई दिसली पाहिजे, एवढंच तुझ्या हातात आहे. गिऱ्हाइकालाच पाकीट फाडायला लाव. काम झालं की सुई त्याच्यादेखत जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाक. वाकवू नकोस, मोडू नकोस, सरळ टाक. बरणी भरली की बाजाराच्या उकिरड्यावर फेकायची नाही. तिथे गायी तोंड घालतात आणि पोरं भंगार वेचतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटून विचार, त्यांच्याकडच्या सुया पांढऱ्या डब्यातून जातात, त्यासोबत तुझीही बरणी घेतील का. आणि गर्दीच्या दिवशी सुया संपल्या की मशीनचा प्लग काढायचा. रांग शिव्या देत पांगेल, पांगू दे. कापूस विकून चार पैसे हातात आलेला माणूस यात्रेत दीडशे रुपये खर्च करतो, त्याला फरक कळला पाहिजे. सगळेच येणार नाहीत. तेवढ्यावर घर चालत नसेल तर पाट्या रंगवायचं सोडू नकोस. ते काम वाईट नव्हतं.

काही गिऱ्हाइकं परतवायची. अठराच्या आतलं कोणीही, आईबाप सोबत असले तरी. इतक्या लहान वयात दिलेल्या होकारावर कायद्यात भिस्त ठेवता येत नाही, आणि दहावीतल्या पोराला बारावीत ते नाव नको असतं. दारू प्यालेला. गरोदर बाई. साखर आटोक्यात नसलेला. सिकलसेलचं मात्र खास विचार. आपल्या भागात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, आणि जखम पिकली तर सिकलसेलच्या रुग्णाला दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरांकडे पाठव. हिरवी-लाल शाई नको, गाठ उठणारी कातडी असेल तर छाती-खांदा नको. आणि फवारणीला जाणाऱ्याला सांग, खपली पडेपर्यंत टाकी खांद्यावर घ्यायची नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते आपण विसरलेलो नाही, आणि ताजा टॅटू म्हणजे उघडी कातडी. हळद, राख, खोबरेल काही चोपडायचं नाही. साबणानं हलके धुवायचं आणि कोरडं ठेवायचं. लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला तर तुझ्याकडे नाही, दवाखान्यात.

भरतीवाल्या पोरांना तू जागा विचारतोस का? सैन्य भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं: कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच ठिकाणी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. केंद्रीय दलांच्या भरतीत आणखी काटेकोर, डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, आणि आकार त्या भागाच्या पावपेक्षा कमी. दंडावर वाघ काढून घेतलेला पोरगा मैदान मारून मेडिकलला बाद होतो, मग तेजाब लावून टॅटू जाळायला निघतो. त्या तीन पोरांची नावं कुठे काढलीस ते आठव. चुकीच्या जागी असतील तर तेही आताच सांगून टाक. लेझरनं काळी शाई फिकी होते, पण खूप फेऱ्या लागतात आणि पैसाही जातो.

गन घेऊ नकोस. तिचं प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, आणि ती कातडी छेदत नाही, दाबून फोडते. कानाच्या पाळीत एक वेळ निभावतं. कानाच्या वरच्या कडक भागात गननं मारलं की कुर्चा चिरडते, तिथे रक्तपुरवठा कमी, आत पू झाला तर कान कायमचा वाकडा होतो. आणि स्वस्त खड्याच्या टॉप्समध्ये निकेल असतं, त्यानं महिनोन्महिने कान झरत राहतो. पाळीची जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, वरच्या भागाला कित्येक महिने. बाळाचे कान बाराव्या दिवशी टोचायची ज्यांच्याकडे रीत आहे, त्यांना परत पाठव आणि सांग, चौदाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंट लसीची तिसरी सुई होऊ द्या, त्यात धनुर्वात आणि कावीळ ब दोन्ही येतात. रीत चार महिने थांबते. बायकोला हे समजावणं तुझं तू बघ. बायामाणसं पालात यावीत हा तिचा मुद्दा मात्र बरोबर आहे. ती स्वतः शेजारी बसली आणि पडदा लावला तर आजीच्या नमुन्यांसाठी बाया येतील, गन लागणार नाही.

राहिलं बहिरम. यात्रेत जागेची पावती देणाऱ्याला त्या पावतीवर अटी घालता येतात, एवढं धरून चाल. टॅटूच्या पालांसाठी चार ओळींच्या अटी तूच लिहून ने: गिऱ्हाइकासमोर उघडलेली नवी सुई, प्रत्येकाला वेगळी शाईची टोपी, हात धुवायला साबण-पाणी, वापरलेल्या सुयांची बंद बरणी, अठराच्या आतल्यांना मनाई. अर्ज तुझ्या शेजाऱ्याविरुद्ध लिहू नकोस, सगळ्या पालांसाठी लिही, तुझ्यासकट. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एक प्रत दे, यात्रेत त्यांचं पथक असतंच, फेरी मारताना बघतील. तुझ्या गावच्या आठवडी बाजारासाठी हाच कागद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाच. तिथे कोणी तरी हसेल, याच्यासाठी ग्रामसभा का बाप्पा म्हणून. आशाताईला आधी सांगून ठेव, ती बोलेल. आणि अर्ज दोन प्रतींत ने, आपल्या प्रतीवर आवक-शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.